जॉन, इनोसंट आणि कँटरबरीची गादी : समेट नक्की कोणाचा झाला?

मध्ययुगातले राजे आणि पोप यांचं भांडण म्हटलं की सगळे लगेच कनोसा काढतात, १०७७ साली तिथे पोपची माफी मागायला थंडीत गढीच्या दाराशी ताटकळलेला जर्मन राजा हेन्री चौथा वगैरे. दृश्य जबरदस्त आहे, मान्य. पण भांडण मिटतं म्हणजे नेमकं काय होतं, कोण काय सोडतो आणि ते कोणाच्या खिशातून जातं हे बघायचं असेल तर मला इंग्लंडचा राजा जॉन आणि पोप इनोसंट तिसरा यांचं प्रकरण जास्त कामाचं वाटतं. १२०५ ला सुरू झालं, १२१४ ला कागदोपत्री मिटलं. आपल्याकडे जॉन माहीत असतो तो मॅग्ना कार्टापुरता, म्हणजे सरदारांनी राजाच्या अधिकाराला लगाम घालायला त्याच्याकडून घेतलेल्या सनदेपुरता, पुस्तकातल्या एका ओळीत, आणि त्या ओळीत पोप कुठेच नसतो.

माझं म्हणणं आधीच सांगतो म्हणजे पुढे वाचताना नजर तिकडे राहील. या प्रकरणात समेट राजा आणि पोप या दोघांचा झाला, आणि चांगलाच घट्ट झाला. पण ज्यांच्या नावाने पोप भांडला, ज्यांनी पोपसाठी घरदार सोडलं, त्यांच्या पदरात त्यातलं फारच थोडं पडलं. जॉन हरला असं वरवर दिसतं. थोडं खरवडलं की वेगळंच दिसायला लागतं.

गादी रिकामी झाली

१३ जुलै १२०५ ला कँटरबरीचा आर्चबिशप ह्यूबर्ट वॉल्टर वारला. कँटरबरीचा आर्चबिशप म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधला पहिला माणूस, राजाला मुकुट घालणारा, भरपूर जमिनींचा मालक, आणि हा ह्यूबर्ट तर जॉनचा चान्सलरही होता, म्हणजे धर्म आणि दफ्तर दोन्ही एकाच माणसाच्या हातात. त्यामुळे त्या जागी आपलाच माणूस बसवायचा हे जॉनच्या डोक्यात पक्कं होतं. माणूसही ठरलेला, नॉर्विचचा बिशप जॉन द ग्रे, राजाच्या अगदी आतल्या वर्तुळातला. (राजाचंही नाव जॉन आणि याचंही, म्हणून पुढे याला नुसतं ग्रे म्हणतो.)

आता निवडायचा हक्क कोणाचा? नियमाने बघितलं तर कॅथेड्रलला जोडलेल्या क्राइस्ट चर्च मठातल्या साधूंचा. कँटरबरीच्या हाताखालचे बिशप म्हणायचे आम्हालाही मत पाहिजे. आणि व्यवहारात काय व्हायचं तर सगळे एकत्र बसायचे आणि राजाला हवा तो माणूस 'निवडून' यायचा, हे जॉनच्या बापाच्या काळातही चालायचं आणि भावाच्या काळातही.

साधूंनी या वेळी वेगळाच घाट घातला. गुपचूप आपल्यातलाच एक, मठाचा उपप्रमुख रेजिनाल्ड, त्याला निवडला आणि रोमला पाठवला, जाताना बजावून की वेळ आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. त्या काळचे बखरकार सांगतात की हा गडी समुद्र ओलांडून फ्लँडर्समध्ये पोचला आणि मीच नवा आर्चबिशप म्हणून सांगत सुटला. बातमी उलटी इंग्लंडला आली. जॉन भडकला, डिसेंबर १२०५ मध्ये स्वतः कँटरबरीला येऊन बसला, आणि त्याच साधूंनी घाबरून दुसऱ्यांदा निवडणूक घेतली आणि ग्रेला निवडला. म्हणजे आता एका गादीला दोन आर्चबिशप, आणि दोघांची फाइल रोमला.

रोममध्ये बसलेला माणूस साधा नव्हता. इनोसंट तिसरा, मूळ नाव लोतारिओ, ११९८ ला पोप झाला तेव्हा वय जेमतेम ३७, पॅरिसला शिकलेला, कायद्याचं डोकं असलेला आणि पोपच्या अधिकाराबद्दल मनात तिळमात्र शंका नसलेला. कँटरबरीचं त्याला वैयक्तिक महत्त्वही होतं. २९ डिसेंबर ११७० ला आर्चबिशप थॉमस बेकेटला याच कॅथेड्रलमध्ये तलवारींनी मारलं होतं, मारणारे जॉनच्या बापाचे, म्हणजे हेन्री दुसऱ्याचे सरदार. इनोसंट विद्यार्थी असताना त्या बेकेटच्या समाधीला जाऊन आला होता. तेव्हा कँटरबरीच्या निवडणुकीत राजाने हात घातला हे ऐकून त्याला काय वाटलं असेल त्याचा अंदाज करता येतो.

त्याने १२०६ मध्ये दोन्ही निवडणुका रद्द केल्या. पहिली चोरून झाली म्हणून, दुसरी पहिलीचा निकाल लागायच्या आधीच झाली म्हणून. बिशप लोकांचा मतदानाचा दावाही फेटाळला, हक्क फक्त मठाचा. मग मठातले जे साधू प्रतिनिधी म्हणून रोमला आले होते त्यांना सांगितलं, इथेच निवडा. आणि माणूस सुचवला कार्डिनल (पोपच्या खालोखालच्या पदावरचा धर्मगुरू) स्टीफन लँग्टन. जन्माने इंग्रज, पॅरिसमध्ये वर्षानुवर्षं धर्मशास्त्र शिकवलेला, विद्वान म्हणून मोठं नाव. साधूंनी त्याला निवडला. जॉनची संमती आली नव्हती, तरी १७ जून १२०७ ला व्हितेर्बोमध्ये इनोसंटने स्वतःच्या हाताने लँग्टनला दीक्षा देऊन टाकली.

इथे जॉनची बाजू अगदीच पोकळ होती असं मला वाटत नाही. राजाची संमती ही जुनी वहिवाट होती आणि इनोसंटचं उत्तर, की निवडणूक रोममध्ये झाली तर राजाच्या संमतीसाठी थांबायची गरज नाही, हे कायद्यात बसत असेलही पण निवडणूक रोममध्ये घ्यायला लावली कोणी, तर त्यानेच ना. फक्त जॉनने युक्तिवाद भलताच केला. म्हणे मी या लँग्टनला ओळखतही नाही आणि तो माझ्या शत्रूच्या देशात राहिलेला आहे. इनोसंटने लगेच पकडलं. तुझ्याच राज्यातला एवढा नावाजलेला माणूस तुला माहीत नाही कसं, तो कार्डिनल झाला तेव्हा तू स्वतः त्याला पत्रं लिहिलीस की.

जॉनचं पुढचं पाऊल म्हणजे साधूंनाच हाकलणं. जुलै १२०७ मध्ये कँटरबरीचा मठ रिकामा केला, साधू समुद्रापलीकडे फ्लँडर्सच्या बाजूला गेले, मठाचं उत्पन्न राजाच्या खजिन्यात. लँग्टनला इंग्लंडमध्ये पाऊल ठेवू दिलं नाही.

देवळांना कुलपं

पोपकडे फौज नव्हती. त्याच्याकडे होतं ते इंटरडिक्ट, म्हणजे अख्ख्या देशाची पूजाबंदी. २३-२४ मार्च १२०८ पासून इंग्लंडमध्ये ती लागू झाली. लंडन, ईली आणि वूस्टरच्या बिशपांनी ती जाहीर केली आणि जाहीर करून देश सोडून गेले, कारण इथे राहिलो तर काय होईल हे त्यांना कळत होतं.

पूजाबंदी म्हणजे लोकांसाठी मिस्सा (चर्चमधली मुख्य सामुदायिक पूजा) बंद, घंटा बंद, मेलेल्या माणसाला पवित्र दफनभूमीत जागा नाही. बाळांचा बाप्तिस्मा आणि मरणाऱ्याचा पापनिवेदनाचा संस्कार एवढंच चालू. बाकी चर्चचं दार बंद. लोक प्रेतं शेतात, रस्त्याच्या कडेला, खंदकाशेजारी पुरायचे. १२०९ पासून मठवाल्यांना आठवड्यातून एकदा दारं लावून आत मिस्सा करायची परवानगी मिळाली, पण सामान्य माणूस बाहेरच. हे सहा वर्षांहून जास्त चाललं. म्हणजे १२०८ च्या सुमाराला जन्मलेलं पोर, त्याला कळायला लागेपर्यंत त्याने गावच्या चर्चची घंटा ऐकलीच नसणार. शिक्षा राजाला आणि भोगणारे कोण? या हत्यारावर तेव्हाही लोक कुरकुरायचे आणि त्यात तथ्य होतं.

एक गोष्ट लक्षात ठेवायची. हेच हत्यार इनोसंटने फ्रान्सवर आधी वापरलं होतं. राजा फिलिप दुसऱ्याने आपली डॅनिश बायको इंगेबोर्ग टाकून दिली आणि दुसरं लग्न केलं म्हणून १२०० साली फ्रान्सवर इंटरडिक्ट लावलं आणि वर्षाच्या आत फिलिप निदान वरवर तरी वाकला. बहुतेक इनोसंटला वाटलं जॉनही तसाच वाकेल. जॉन वाकला नाही, कारण त्याला यात धंदा दिसला.

राजाला हे परवडत होतं

पूजाबंदी लागताच जॉनने हुकूम काढला की जे धर्मगुरू सेवा बंद करतायत त्यांची मालमत्ता जप्त. काम नाही तर दाम नाही असा सरळ हिशोब. मग जप्त केलेली मालमत्ता सांभाळायची कटकट कोण करणार, म्हणून ज्याची त्याला परत, पण पैसे भरून. पळून गेलेल्या बिशपांच्या जमिनींचं उत्पन्न राजाकडे. बिशप मेला की नवा निवडता येत नाही, कारण भांडण चालू, म्हणून रिकाम्या गादीचं उत्पन्नही राजाकडे. आणि सगळ्यात खवचट प्रकार म्हणजे धर्मगुरूंच्या रखेल्या. नियमाने ब्रह्मचारी असलेल्या बऱ्याच पाद्र्यांच्या घरी बायका होत्या हे सगळ्यांना माहीत होतं. जॉनच्या माणसांनी त्या बायकांना उचललं आणि सोडवायला दंड लावला. पाद्र्यांनी मुकाट भरला, तक्रार कोणाकडे करणार, पोपकडे?

नोव्हेंबर १२०९ मध्ये जॉनला वैयक्तिक धर्मबहिष्कारही झाला, म्हणजे त्याला स्वतःलाच चर्चबाहेर काढलं. तरी त्याचं फार अडलं नाही. त्याच वर्षी त्याने स्कॉटलंडच्या राजाला नमवलं, १२१० ला आयर्लंडमध्ये मोहीम, १२११ ला वेल्समध्ये, आणि तिन्हीकडे सरशी. देशात राहिलेल्या मोजक्या बिशपांपैकी विंचेस्टरचा पीटर दे रोश तर उघड राजाच्या बाजूने कारभार बघत होता. मधे वाटाघाटी झाल्या, नाही असं नाही. १२०९ च्या शरदात लँग्टन डोव्हरपर्यंत येऊन परत गेला. १२११ मध्ये पोपचे वकील पॅन्डल्फ आणि डुरँड नॉर्दॅम्प्टनला येऊन राजाला भेटले. काही निष्पन्न नाही. लँग्टनला मानायचं आणि घेतलेलं सगळं परत करायचं, या अटींवर गाडी अडायची, आणि दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड होती.

१२१२

मग वर्षभरात पारडं फिरलं. वेल्समध्ये पुन्हा बंड उठलं. ते चिरडायला फौज जमवत असतानाच ऑगस्ट १२१२ मध्ये जॉनला खबर लागली की त्याचेच काही सरदार त्याला मारायच्या किंवा शत्रूच्या हाती द्यायच्या बेतात आहेत. मोहीम रद्द. रॉबर्ट फिट्झवॉल्टर फ्रान्सला पळाला, युस्टस दे वेसी स्कॉटलंडला, आणि दोघंही बाहेर सांगायला लागले की आम्ही बहिष्कृत राजाची चाकरी कशी करणार, म्हणजे राजकीय बंडाला धर्माचं सोवळं मिळालं. त्यात यॉर्कशायरमधला वेकफील्डचा पीटर नावाचा एक बैरागी भविष्य सांगत फिरत होता की पुढच्या स्वर्गारोहणाच्या सणाला जॉन राजा नसेल. सण होता २३ मे १२१३ ला. लोक हसत नव्हते, विश्वास ठेवत होते, आणि गोची तीच होती.

पलीकडे फिलिप फ्रान्समध्ये आरमार जमवत होता. नॉर्मंडी त्याने १२०४ लाच जॉनकडून घेतली होती, आता खुद्द इंग्लंडवर डोळा. एप्रिल १२१३ मध्ये सोआसोंच्या सभेत स्वारीचं ठरलं, मोहीम युवराज लुईच्या नावावर. बहिष्कृत राजावर स्वारी म्हणजे पुण्यकर्मच, असं सांगायची सोय होतीच.

जॉन चिडका, संशयी, क्रूर होता याबद्दल दुमत नाही, पण मूर्ख नव्हता. त्याने १२१२ च्या अखेरीसच आपले दूत रोमला पाठवून कळवलं होतं की १२११ मधल्या अटी मला मान्य. इनोसंटने १ जून १२१३ पर्यंत मुदत दिली.

आणि हे बघा, पोपलाही घाई होती. त्याने स्वतः सम्राट केलेला ओटो चौथा, जॉनचा भाचा, त्याच्यावरच उलटला होता, दक्षिण इटलीत घुसला म्हणून १२१० ला त्यालाही बहिष्कृत करावं लागलं. जॉन त्या ओटोचा पैशाचा आधार. शिवाय इनोसंटच्या डोक्यात आता नवं धर्मयुद्ध होतं. एप्रिल १२१३ मध्ये त्याने धर्मयुद्धाची हाक दिली आणि मोठी धर्मपरिषद बोलावली. युरोपचे राजे आपसात भांडत बसले तर जेरुसलेमला कोण जाणार? आणि फिलिपने इंग्लंड गिळलं तर फ्रान्सचा राजा एवढा मोठा होणार की उद्या पोपलाही ऐकणार नाही. म्हणजे दोघांनाही एकमेकांची गरज एकाच वेळी लागली. समेट झाला तो या मुहूर्ताला. भांडणातला मूळ प्रश्न, आर्चबिशप निवडताना राजाचा शब्द किती, तो कोणी सोडवलाच नव्हता.

डोव्हर, मे १२१३

जॉन केंटमध्ये फौज घेऊन फ्रेंच आरमाराची वाट बघत होता तेव्हा पॅन्डल्फ समुद्र ओलांडून आला. १३ मे ला डोव्हरला जॉनने पोपच्या अटी मान्य केल्या. लँग्टन आर्चबिशप, हद्दपार लोक परत, नुकसानभरपाई द्यायची, पळालेल्या सरदारांनाही अभय. इथपर्यंत अपेक्षित.

दोनच दिवसांनी, १५ मे ला, डोव्हरजवळ ईवेलला टेम्पलर नावाच्या लढवय्या साधूंच्या घरात त्याने जे केलं त्याने सगळे चाट पडले. इंग्लंड आणि आयर्लंड ही दोन्ही राज्यं त्याने देवाला, संत पीटर आणि पॉलला आणि पोपला अर्पण केली, आणि पोपचा मांडलिक म्हणून परत घेतली. वर्षाला १,००० मार्क खंडणी, त्यातले ७०० इंग्लंडचे, ३०० आयर्लंडचे, दोन हप्त्यांत. एक मार्क म्हणजे पाउंडाचा दोन तृतीयांश, तेव्हा हे सगळं मिळून ६६६ पाउंड आणि वर काही शिलिंग. राजाच्या उत्पन्नाच्या मानाने ही रक्कम किरकोळ होती.

पुढच्या पिढ्यांच्या इंग्रज लेखकांनी यावरून जॉनला भरपूर शिव्या घातल्या, देश विकला, स्वाभिमान विकला. पण त्याच काळातला एक निनावी बखरकार, ज्याला अभ्यासक बार्नवेलचा म्हणतात, तो थंड डोक्याने लिहून गेलाय की पुष्कळांना हे लाजिरवाणं वाटलं तरी राजाने शहाणपणच केलं, कारण दुसरा मार्ग नव्हता आणि एकदा राज्य पोपच्या पंखाखाली गेलं की कोणी त्यावर हात टाकायची हिंमत करणार नाही. मला हा माणूस पटतो. मांडलिक होणं ही त्या जगात काही अनोखी गोष्ट नव्हती, सिसिलीचा राजा पोपचा मांडलिक होता, आरागॉनच्या राजाने १२०४ ला रोमला जाऊन हेच केलं होतं. आणि हिशोब बघा ना, ६६६ पाउंडात जॉनने फिलिपच्या स्वारीच्या पायाखालची धर्माची सतरंजीच ओढून घेतली. पॅन्डल्फ परत जाऊन फिलिपला सांगतो की आता थांबा, ही पोपची जमीन आहे. फिलिपचा संताप बखरकारांनी चवीने लिहिलाय, आरमारावर एवढा खर्च झालेला. तो मग फ्लँडर्सच्या काउंटवर घसरला, आणि तिथे ३० मे ला दामच्या बंदरात जॉनचा सावत्र भाऊ, सॉल्झबरीचा अर्ल विल्यम, याने ते फ्रेंच आरमार नांगरलेल्या जागीच लुटलं, जाळलं.

मधे २३ मे चा सण आला आणि गेला. राजा राजाच होता. वेकफील्डच्या पीटरला त्याने फासावर दिलं, बरोबर त्याच्या मुलालाही. काही लोक म्हणाले की बैरागी बरोबरच बोलला होता, राज्य तर पोपला दिलंच ना. पण फासावर गेलेल्याला त्याचा काय उपयोग.

२० जुलै १२१३ ला विंचेस्टरला लँग्टन आणि जॉन समोरासमोर आले. राजा आर्चबिशपच्या पायावर पडला, रडला, बिशपही रडले, स्तोत्र म्हटलं गेलं, बहिष्कार उठला. खरे अश्रू की नाटक, कोण सांगणार. माझा अंदाज विचाराल तर थोडं थोडं दोन्ही. ऑक्टोबरमध्ये लंडनच्या सेंट पॉल्समध्ये नवा पोपदूत, टस्क्युलमचा बिशप निकोलस, याच्यासमोर अर्पणविधी पुन्हा केला, या वेळी सोन्याची मोहोर लावून.

पैशाचं काय?

आता या प्रकरणातला सगळ्यात वाचण्यासारखा भाग, आणि नेमका हाच लोक वगळतात. बहिष्कार उठला तरी इंटरडिक्ट उठलं नव्हतं. अट होती की आधी नुकसानभरपाई. लँग्टन आणि परत आलेल्या बिशपांचं म्हणणं साधं, पै न् पै परत करा, झाडं तोडली, घरं पाडली त्याचेही. जॉनचं म्हणणं, एक ठोक आकडा ठरवू. निवाडा गेला रोमला, आणि आता जॉन हा पोपचा लाडका मांडलिक होता.

आकडा ठरला १,००,००० मार्क. ऐकायला प्रचंड, तुलना करायची तर जॉनचा भाऊ रिचर्ड कैदेत होता तेव्हा त्याच्या सुटकेची किंमत १,५०,००० मार्क ठरली होती आणि देश पिळून निघाला होता. सगळे पैसे आधी द्यायची अटही मग ढिली झाली, काही आत्ता आणि बाकीचे वर्षाला १२,००० च्या हप्त्याने. जॉनने थोडे दिले, आश्वासनं दिली, २ जुलै १२१४ ला इंटरडिक्ट उठलं, आणि त्याच वर्षाच्या शेवटी हप्ते थांबले ते थांबलेच. ठरलेल्यापैकी दोन तृतीयांश कधी मिळालेच नाहीत, आणि इनोसंटने त्याबद्दल पुन्हा विषय काढला नाही. (गंमत म्हणजे २ जुलैलाच जॉन तिकडे फ्रान्समध्ये ला रोश-ओ-मोआनचा वेढा टाकून मागे पळत होता. त्याच महिन्यात बूव्हिनला त्याच्या मित्रांचा, ओटो धरून, फिलिपने पुरता धुव्वा उडवला.)

बिशपांना निदान एक तृतीयांश तरी मिळाले. बाकीचे? बखरकार वेंडोवरचा रॉजर लिहितो की इंटरडिक्ट उठल्यावर मठाधिपती, टेम्पलर आणि त्यांच्यासारखेच लढवय्ये साधू हॉस्पिटलर, जोगिणी, साधे पाद्री, गृहस्थ असा मोठा जमाव पोपदूत निकोलसकडे आला, आमचंही नुकसान झालंय, आम्ही देश सोडून गेलो नव्हतो पण राजाने आम्हालाही लुटलंय, आमची भरपाई कुठाय? निकोलसचं उत्तर असं की पोपच्या पत्रात तुमचा उल्लेख नाही, तेव्हा मला काही करता येत नाही, पोपकडे अर्ज करा. सरकारी खिडकीवर ज्याने कधी रांग लावलीय त्याला या उत्तराचा सूर बरोबर कळेल. ते लोक गेले.

निवडणुकीच्या हक्काचंही तेच. रिकाम्या गाद्या भरायची वेळ आली तेव्हा इनोसंटने निकोलसला लिहिलं की माणसं लायक हवीत आणि राजाशी निष्ठावंतही हवीत. निकोलस राजाच्या सल्ल्याने भरती करत सुटला. लँग्टनने १२१४ च्या सुरुवातीला याविरुद्ध रोमकडे दाद मागितली, तर तिथे राजाची बाजू मांडायला कोण गेला, पॅन्डल्फ. नोव्हेंबर १२१४ मध्ये जॉनने चर्चला मुक्त निवडणुकांची सनद दिली हे खरं, पण निवडणूक घ्यायला राजाची परवानगी आणि नंतर राजाची मंजुरी या दोन गोष्टी त्यात राहिल्याच, म्हणजे ज्या संमतीवरून सगळं रामायण झालं ती मागच्या दाराने परत आत.

यॉर्कचं उदाहरण तर कहर आहे. १२१५ मध्ये यॉर्कच्या कॅथेड्रलमधल्या लोकांनी आर्चबिशप म्हणून सायमन लँग्टनला निवडलं, म्हणजे आपल्या स्टीफनचा सख्खा भाऊ. जॉनने तक्रार केली आणि इनोसंटने निवडणूक रद्द केली. मग आर्चबिशप कोण झाला तर वॉल्टर द ग्रे, राजाचा आधीचा चान्सलर आणि त्या मूळ उमेदवार जॉन द ग्रेचा पुतण्या! म्हणजे १२०५ मध्ये जॉनला कँटरबरीला जे करायचं होतं आणि जे करू द्यायचं नाही म्हणून इनोसंटने देशाची देवळं सहा वर्षं बंद ठेवली, तेच दहा वर्षांनी यॉर्कला इनोसंटच्याच सहीने झालं.

मग मॅग्ना कार्टा

बूव्हिननंतर सरदारांनी जॉनला घेरलं. मार्च १२१५ मध्ये त्याने आणखी एक चाल खेळली, धर्मयुद्धाची शपथ घेऊन अंगावर क्रूस लावून घेतला, म्हणजे आता तो पोपचा मांडलिक तर होताच, वर धर्मयोद्धा, त्याच्यावर हात उचलणं म्हणजे दुहेरी पाप. तरी १५ जून १२१५ ला रनीमीडला त्याला सनद द्यावी लागली. मध्यस्थांमध्ये लँग्टन पुढे होता, आणि सनदेचं पहिलंच कलम चर्चच्या स्वातंत्र्याचं आहे, तो योगायोग नाही.

जॉनने लगेच रोमला कळवलं आणि २४ ऑगस्टला इनोसंटने मॅग्ना कार्टा रद्दबातल ठरवली. लाजिरवाणी, बेकायदा, अन्यायी असे शब्द वापरून. पोपच्या बाजूने बघितलं तर हे सुसंगतच आहे, आपल्या मांडलिकाला आपल्याला न विचारता कोणी जबरदस्तीने सही करायला लावली, ते कसं चालेल. पण त्यापाठोपाठ लँग्टनचं जे झालं ते बघवत नाही. बंडखोर सरदारांवरचा बहिष्कार जाहीर करायला तो तयार होईना, तर पॅन्डल्फ आणि पीटर दे रोश यांनी पोपच्या अधिकाराने त्यालाच निलंबित केलं. नोव्हेंबरात रोमच्या धर्मपरिषदेला तो गेला तेव्हा इनोसंटने ते निलंबन कायम केलं. ज्याच्यासाठी पोपने राजाशी भांडण काढलं तो माणूस आता राजाचं ऐकत नाही म्हणून पोपकडूनच घरी बसला. आणि पॅन्डल्फ? त्याची नॉर्विचच्या बिशपपदासाठी निवड झाली, म्हणजे ग्रेच्या जुन्याच गादीवर.

सरदारांनी फ्रान्सच्या युवराज लुईला बोलावलं, तो मे १२१६ मध्ये उतरलाच. जुलैत इनोसंट पेरुजाला वारला, ऑक्टोबरात जॉन नूअर्कला. इथे त्या ६६६ पाउंडांचा खरा परतावा मिळाला. मागे राहिलेला मुलगा, हेन्री तिसरा, नऊ वर्षांचा, निम्मा देश बंडखोरांच्या हातात. पोपदूत ग्वाला त्याच्या मागे उभा राहिला, ग्लूस्टरला घाईघाईत राज्याभिषेक झाला, लुईच्या बाजूच्या लोकांवर बहिष्कार, आणि मे १२१७ मध्ये लिंकनला लढायला गेलेल्या राजाच्या सैन्याने अंगावर पांढरे क्रूस लावले होते, जणू धर्मयुद्धच. लुई हरला, परत गेला. आणि मधे नोव्हेंबर १२१६ मध्ये मॅग्ना कार्टा थोडी काटछाट करून पुन्हा जारी झाली, बालराजाच्या वतीने मोहोर कोणाची, तर राज्याचा कारभार बघणाऱ्या विल्यम मार्शलची आणि पोपदूत ग्वालाची. म्हणजे वर्षभरापूर्वी पोपने रद्द केलेल्या कागदावर पोपच्याच दूताची मोहोर. त्यावर तेव्हा कोणी फार आश्चर्य केलेलं दिसत नाही, गरज सगळ्यांनाच होती.

लँग्टन १२१८ मध्ये परतला आणि १२२८ ला मरेपर्यंत आर्चबिशप राहिला, १२२५ च्या मॅग्ना कार्टामागेही तो उभा होता. वार्षिक १,००० मार्क मात्र इंग्लंडचे राजे कधी देत, कधी बुडवत राहिले. शेवटचे पैसे १३३३ मध्ये गेले. १३६६ ला पोप अर्बन पाचव्याने ३३ वर्षांची थकबाकी मागितली, तेव्हा एडवर्ड तिसऱ्याच्या पार्लमेंटने सांगितलं की जॉनने हे राज्य कोणालाही न विचारता दिलं होतं, तसं द्यायचा अधिकार त्याला नव्हता, तेव्हा आम्ही काही देणं लागत नाही.